डाळीची पळी आणि बिनखिडकीची केबिन

सर्व संबंधितांस, म्हणजे माझ्या बायकोस, माझ्या जुन्या मित्रांस आणि चुकून हे पान उघडलेल्या सज्जनांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की प्रस्तुत लेखक हा यवतमाळातला पहिला बोलणारा कॉम्प्युटर होय. बोलणारा कॉम्प्युटर बनवणारा नव्हे. तसे पुढे पुष्कळ झाले. मी स्वतः कॉम्प्युटर होतो. मला प्लायवूडच्या भिंती होत्या, वर पत्रा होता, बाहेरून कडी होती आणि माझ्या आवाजावर कापसाच्या गाड्या पुढे सरकत. ही माहिती माझ्या नोकरीच्या कुठल्याही अर्जात सापडणार नाही. पुण्यात आमच्या कंपनीत दरवर्षी नवी मुलं येतात, मला अनुभवी माणूस समजून भोवती बसतात आणि विचारतात, "सर, तुमचा पहिला प्रोजेक्ट कोणता?" मी घसा खाकरतो आणि चहा मागवतो. आता केसांनी रंग सोडला आहे आणि लाजेनेही. तेव्हा एकदाचं सांगून टाकतो.

पण केबिनच्या आधी घर सांगायला हवं, कारण मी केबिनमध्ये अडकलो तो घरात अडकलो होतो म्हणून. आर्णी रोडला एका आरा मशीनच्या मागे आमचं भाड्याचं घर होतं. सकाळी डोळे उघडायच्या आत करवतीचा आवाज कानात शिरायचा आणि अंगावरच्या चादरीवर सागवानाचा भुसा पडलेला असायचा. घरात इंजिनिअरिंगच्या कॉम्प्युटर शाखेची पोरं: कोणी नेरचा, कोणी वणीचा, कोणी दारव्ह्याचा, मी उमरखेडचा. सगळ्यांत मिळून एक कॉम्प्युटर, आणि त्याच्यावर अभ्यास सोडून बाकी सगळं चालायचं. या घराला आम्ही घर म्हणत नसू. त्याचं नाव होतं 'संगणक विद्यार्थी बंधू मंडळ'. नावाची पाटी एका बंधूने थर्माकोलची केली होती आणि ती दर पावसाळ्यात एकेक अक्षर गाळत असे. मंडळाला अध्यक्ष होता, सभा होत्या, निषेध होते. आंघोळीची बादली कोणी लपवली यावर आमच्याकडे जेवढी भाषणं झाली तेवढी विधानसभेत सिंचनावर झाली नसतील.

स्वयंपाकाला शेवंतामावशी यायच्या. त्या आल्या की आधी बांगड्यांचा आवाज, मग स्टोव्हचा, मग थपथप थपथप भाकरी थापल्याचा. मावशींच्या हातची ज्वारीची भाकरी, काट्याच्या वांग्याची भाजी आणि तुरीची डाळ, वरून लसणाची फोडणी अशी की शेजारच्या आरा मशीनवरचा माणूस करवत थांबवून इकडे तोंड करायचा. हिरव्या मिरचीचा ठेचा त्या वेगळ्या वाटीत झाकून ठेवायच्या, कारण तो उघडा राहिला तर पहिल्या वर्षाची पोरं भाकरीआधीच संपवायची. या डाळीपायी माझं तारुण्य वाया गेलं. पोरींपायी गेलं असतं तर निदान सांगायला बरं होतं.

मंडळाची घटना लिहिलेली नव्हती, म्हणूनच ती कोणाला मोडता येत नव्हती. अध्यक्षाने रोज संध्याकाळी आपल्या हाताने सगळ्यांना डाळ वाढायची आणि सगळ्यांच्या शेवटी जेवायचं. अध्यक्षाला राजीनामा देता येणार नाही. निवडणूक नाही, नेमणूक नाही. ज्या बंधूने आपण होऊन डाळीची पळी उचलली, तो पुढचा अध्यक्ष. बस्स. आता तुम्हीच सांगा, मोटर बिघडली की घरमालकाच्या शिव्या ज्याला खायच्या, परीक्षेच्या फॉर्मवर सही राहिली की ऑफिसात ज्याला उभं राहायचं, कोणाला घरची आठवण आली की रडणाऱ्याला घेऊन ज्याला बसस्थानकापर्यंत फिरायला जायचं, असं पद कोण आपण होऊन उचलेल? त्यामुळे आमच्या घरात पळीला कोणी हात लावत नसे. अध्यक्ष कुठे बाहेर असला तर पोरं डाळ पेल्याने काढायची, वाटीने काढायची, एकाने तर चहाच्या गाळणीने काढली होती आणि नुसती फोडणी खाऊन झोपला होता.

मग मी कसा अध्यक्ष झालो? मी पहिल्या वर्षाला होतो, नवा होतो, आईच्या वळणाचा होतो. तेव्हाचे अध्यक्ष नेरचे, अंगाने भरदार, आवाजाने त्याहून भरदार. ते डाळीत पळी ठेवून म्हणाले, "आलोच बे," आणि मागच्या दाराने गेले. स्टोव्ह पेटलेला होता. डाळ बुडाला लागायला लागली. वास सुटला. सगळी पंगत बसलेली, सगळ्यांची नाकं फुरफुरत होती, पण कोणी हलेना. मला वाटलं, केवढी आळशी पोरं ही! उमरखेडला आमच्या घरी डाळ लागली आणि मी बघत बसलो असं झालं असतं तर आईने पळी डाळीतून काढून माझ्या पाठीवर ठेवली असती. मी उठलो आणि डाळ हलवली. एकदम टाळ्या! मागच्या दारातून नेरचे अध्यक्ष दोन्ही हात पसरून आत आले. त्यांना कुठेही जायचं नव्हतं; ते दाराआड उभे राहून वाट बघत होते. मला छातीशी धरून म्हणाले, "सुटलो बापा! देवानं तुले धाडलं." त्या दिवसापासून मी अध्यक्ष. शेवटच्या वर्षापर्यंत मीच अध्यक्ष. पळी ठेवून मीही कितीदा मागच्या दाराआड उभा राहिलो, डाळ जळून कोळसा झाली, पोरांनी ठेचा-भाकरी खाल्ली, पण कोणी फसलं नाही. एकदा एका पाहुण्याने पळी उचलली तेव्हा मी नाचायला लागलो होतो. चौकशीत तो मेकॅनिकल शाखेचा निघाला. अपात्र.

खरं सांगायचं तर पहिलं वर्षभर मला ते आवडलं. मला बोलायला आवडतं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. डाळ वाढतानाही मी दोन शब्द बोलायचो. "बंधूंनो, आजची डाळ आपण कोणत्या परिस्थितीत खात आहोत..." अशी सुरुवात. माझा तो अध्यक्षीय आवाज एक जण हुबेहूब काढायचा. वणीचा नितीन, माझ्या एक वर्ष मागचा. त्याला आम्ही भोंगा म्हणायचो. वणीकडे कोळशाच्या खाणीचा पाळी बदलायचा भोंगा वाजतो, तो हा तोंडाने असा वाजवायचा की पहिल्या रात्री नवी पोरं चादर टाकून अंगणात पळाली होती. सरांचा आवाज, घरमालकाचा आवाज, आरा मशीनचा आवाज, आणि मी पाठ वळवली की माझा आवाज. पण तोही पळीला हात लावत नसे. दोन वर्षं तो स्वतःच्या स्टीलच्या पेल्याने डाळ काढून प्यायला.

शेवटच्या वर्षी कॉलेजने फर्मान काढलं: प्रत्येकाने कुठेतरी प्रत्यक्ष काम करायचं आणि अनुभवाचा दाखला आणायचा. मित्र नागपूरला गेले, पुण्याला गेले. मी कुठे जाणार? मी गेलो तर पोरांना डाळ कोण वाढणार? आमचे बाबा उमरखेडच्या तहसील कार्यालयात हेडक्लार्क. ते घरमालकांच्या फोनवर म्हणाले, "काम कुठंही कर, पण दाखल्यावर गोल शिक्का पाहिजे. चौकोनी शिक्क्याला आमच्याकडे कोणी विचारत नाही." म्हणून मी यवतमाळच्या यवतमाळात, गावाबाहेर नागपूर रोडला असलेल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात गेलो. मालकाला सगळे नुसते शेठ म्हणत. गोरेपान, पांढरा सदरा, खिशाला मोबाइल, आणि त्या काळी मोबाइल म्हणजे एवढा की खिसा एका बाजूला ओढला जायचा. शेठनी नवाकोरा कॉम्प्युटर घेऊन ठेवला होता, त्यावर प्लास्टिकचं आवरण होतं आणि आवरणावर रोज उदबत्ती ओवाळली जात होती. तो चालू कोणी केला नव्हता.

हंगामात त्या जिनिंगच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग लागायची. बैलबंड्या, ट्रॅक्टर, मेटाडोर, वर कापसाचे डोंगर. एकेक गाडी वजनकाट्यावर जायची, मोजली जायची, आत रिकामी व्हायची. पण कोणाची गाडी आधी घ्यायची ते दिवाणजी ठरवायचे, आणि दिवाणजींना जिल्हाभर नातेवाईक. साळ्याचा साळा आला की गाडी रांग सोडून पुढे. मग आरडाओरड, बैल हाकायच्या तुताऱ्यांनी हाणाहाणी, बैल उधळायचे. मी शेठना म्हणालो, आपण टोकन देऊ. गाडी आली की नंबर. काटा रिकामा झाला की कॉम्प्युटर स्वतः लाउडस्पीकरवरून पुढचा नंबर पुकारेल. शेठचे डोळे चमकले. "बोलंन तो?" "बोलेल." मी माझ्याच आवाजात नंबर भरून ठेवले. मुद्दाम सपाट, कोरडा, ज्याला कोणाचं काही देणंघेणं नाही असा आवाज काढला. "टोकन नंबर अठरा, काट्यावर यावे." अध्यक्षीय आवाजातला सगळा पाझर काढून टाकला की तोच आवाज उरतो, हे मला तेव्हा कळलं.

उद्घाटनाला शेठनी मांडव घातला, पेढे वाटले आणि माइक धरून सांगितलं, "भाऊहो, याले डोळे नाही, नातेवाईक नाही, जात नाही, पक्ष नाही. हा फक्त नंबर पायते." केबिन चारी बाजूंनी प्लायवूडने बंद होती, धूळ जाऊ नये म्हणून खिडकी ठेवली नव्हती. शेतकऱ्यांनी तिच्याभोवती फिरून बघितलं. कुठूनही बाहेरचं दिसत नाही याची खात्री झाली तेव्हा ते समाधानाने आपल्या गाड्यांकडे गेले. आणि खरोखर भांडणं थांबली. माणसं बंडीखाली सावलीत पडून भाकर खायची, नंबर ऐकला की उठायची. दिवाणजींचं तोंड तेवढं कडू झालं.

कापसाच्या गावात खिडकी बंद केली म्हणून रुईचे तंतू बाहेर राहत नाहीत, हे मात्र आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. थोड्याच दिवसांत यंत्राच्या पोटात अशी रुई जमली की एक उशी भरली असती. एका सकाळी त्यातून धूर निघाला. यंत्र नागपूरला दुरुस्तीला गेलं, नागपूरहून निरोप आला की सुटा भाग मुंबईहून येईल. फाटकाबाहेर रांग लागलेली. मी शेठसमोर मान खाली घालून उभा.

शेठ म्हणाले, "दिवाणजीनं पुकारलं तं आज डोकी फुटतीन. मंग?"

"मग काय करायचं, शेठ?"

"तू है ना."

"मी काय करू?"

"आवाज कोणाचा होता? तुझाच ना? मंग मशीन कायले पाह्यजे?"

चार वर्षं मी ज्या शास्त्राचा अभ्यास करत होतो ते शास्त्र या माणसाने एका वाक्यात निकालात काढलं.   मी केबिनमध्ये गेलो, स्टुलावर बसलो, समोर माइक. काटा रिकामा झाला की बाहेरून एक बेल वाजणार आणि मी पुढचा नंबर बोलणार. शेठनी दार लोटलं आणि बाहेरून कडी घातली. मी आतून ओरडलो, "कडी कायले, शेठ?" तर बाहेरून दबक्या आवाजात उत्तर, "कोणी दार उघडून पाह्यलं तं? मशीनले कडी असतेच. अन् तू असा ओरडू नको, माइक चालू हाय."

ती केबिन मी कधी विसरणार नाही. वर पत्रा तापायचा, आत सरकीचा तेलकट वास, हवेत तंतू तरंगत असायचे. पंखा लावायचा नाही, कारण कॉम्प्युटरला पंखा कशाला? गाणं म्हणायचं नाही, स्टूल वाजवायचं नाही. शिंकायचं तर मुळीच नाही. जो माणूस वाढतानासुद्धा भाषण करायचा त्याला आता दिवसभरात 'टोकन नंबर' आणि 'काट्यावर यावे' याशिवाय शब्द नव्हता. बाहेर माणसं हसत होती, बैलांच्या घुंगरांचे आवाज येत होते, कोणी कोणाच्या सोयरिकीची गोष्ट सांगत होतं आणि ती नेमकी रंगात आली की बेल वाजायची. मुलीकडच्यांनी शेवटी काय केलं ते मला कधीच कळलं नाही. एकदा शिंक आवरली नाही. "टोकन नंबर बावीस, काट्या... हाकछी... वर यावे." बाहेर एकदम शांतता. मग शेठचा आवाज, "व्होल्टेज कमी-जास्त हून राह्यलं, भाऊ!" आणि रांग पुढे सरकली.  ज्या दिवशी आत माणूस आहे हे कळेल त्या दिवशी ही माणसं शेठची जिनिंग डोक्यावर घेतील, मला ओढून बाहेर काढतील, आणि दाखला गेला तो गेलाच. ही भीती मी रोज डब्याबरोबर घेऊन जात होतो.

जेवणाच्या सुट्टीत यंत्रं थांबली, आवार रिकामं झालं की कडी निघायची. तेव्हा एक गंमत दिसायची. केबिनच्या पायरीवर कोणीतरी उकडलेल्या तुरीच्या शेंगा ठेवलेल्या असायच्या, मीठ लावून, पळसाच्या पानावर. दुसऱ्या दिवशी बोरं. मला भरून आलं. दसऱ्याला ट्रॅक्टरला हार घालतात, तसा हा नव्या यंत्राला नैवेद्य! मी तो यंत्राच्या वतीने खाऊन टाकायचो. पुढे घशात तंतू जाऊन जाऊन माझा आवाज खरखरायला लागला, तेव्हा पायरीवर खडीसाखर आणि लवंगा आल्या. पूजेचं साहित्य वाढत चाललं आहे, श्रद्धा मोठी गोष्ट आहे, असं मी त्या संध्याकाळी डाळ वाढताना बंधूंना सांगितल्याचंही आठवतं.

असा मी दिवसा कॉम्प्युटर आणि संध्याकाळी अध्यक्ष. केबिनची कडी निघाली की सायकल मारत घरी यायचं, तर दारातच दोन बंधू बादलीवरून भांडत उभे. "अध्यक्ष, याले सांगा!" सांगायला माझ्याकडे आवाज उरलेला नसायचा. आणि तशात कॉलेजात सरांनी बोलावून सांगितलं, की नागपूरला एक कंपनी मुलं निवडायला येते आहे, गुरुवारी दुपारी, तुझं नाव दिलं आहे, येताना अनुभवाचा दाखला आण. मी सरांच्या पाया पडायचाच बाकी होतो. यवतमाळ, आर्णी रोड, पळी, केबिन, सगळ्यातून सुटायचं एकच दार आणि ते गुरुवारी दुपारी उघडणार होतं.

शेठ ऐकून घेऊन म्हणाले, "जा ना! मी कुठं धरून ठेवलं? दाखला आत्ता लिहून ठेवतो. पण आवाज इथंच पाह्यजे."

"आवाज कसा ठेवून जाऊ, शेठ?"

"थे तू पाय. तू शिकेल हाय."

आवाज ठेवून जायचा तर तो एकाच माणसाकडे ठेवता येत होता. मी भोंग्याला आरा मशीनच्या मागे गाठलं, चहा पाजला, वर भजी खाऊ घातली. त्याने भजी खाल्ली आणि मान हलवली. "नाही, अध्यक्ष. तुमचं एक काम हाती घेतलं का पळी आलीच मागून. मले माहीत हाय. मी नाही बा." "अरे, पळीचा काय संबंध? एक दिवस केबिनमध्ये बसायचं." "तुम्हीबी एक दिवस डाळ हलवली होती ना?" मी भज्यांचे पैसे देऊन निघालो.

बुधवार उजाडला. बुधवारी दुपारपर्यंत माझा आवाज निम्मा झाला, शेवटच्या गाड्यांना तर मी नुसती हवा सोडत होतो. घरी आलो तेव्हा तोंडातून शब्द निघेना. घरमालकांकडे आईचा फोन आला, मी 'हॅलो' म्हणालो तर ती म्हणाली, "कोण बोलतंय? प्रमोदला द्या." मी फोन ठेवला आणि जिन्यावरच बसून राहिलो. करवत थांबली होती. उद्या माझ्या आवाजाने मी केबिनमध्येही बसू शकत नव्हतो आणि केबिनमध्ये कोणाला बसवल्याशिवाय नागपूरलाही जाऊ शकत नव्हतो. आज व्हिडिओवरच्या मीटिंगमध्ये कोणी म्हणालं, "सर, तुमचा आवाज येत नाही," की मला हटकून तो जिना आठवतो.

मावशींनी पानं मांडली. वांग्याची भाजी होती, भाकरी वाफाळत होत्या, डाळीवर फोडणी चर्रर्र करून पडली. मी सवयीने पातेल्याशी जाऊन बसलो आणि 'बंधूंनो' म्हणायला तोंड उघडलं. आवाज नाही. पुन्हा उघडलं. नाही. पोरं बघत राहिली. कोणी हसलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं. तेवढ्यात पंगतीच्या टोकाला भोंगा उठला. त्याला शांतता सोसायची नाही, तो तसाच होता. उपरणं खांद्यावर टाकून, माझ्यासारखी मान तिरकी करून त्याने सुरुवात केली, "बंधूंनो! आजची डाळ आपण कोणत्या परिस्थितीत खात आहोत..." पोरं खदखदली. मग एकदम सपाट, कोरडा, "टोकन नंबर एक, भाकरीच्या काट्यावर यावे." पहिल्या वर्षाचा एक जण खरंच ताट घेऊन पुढे आला. हसून हसून एकाला ठसका लागला. भोंगा रंगात आला होता. "टोकन नंबर दोन, वांग्यासह यावे." मावशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "अरे पोट्टेहो, डाळ थंडी हून राह्यली, वाढा ना कोणी!" आणि भोंग्याने, "टोकन नंबर तीन, डाळ घ्यावी," असं म्हणत वाकून पातेल्यातली पळी उचलली आणि समोरच्या ताटात डाळ वाढली.

 पळीतून डाळीचा थेंब टपकला तो ऐकू आला. भोंग्याने हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"हे धरायचं नाही!" तो किंचाळला, आणि तो त्याचा स्वतःचा आवाज होता. "मी तं नक्कल करून राह्यलो होतो!"

"डाळ तं खरीच वाढली ना?" मावशी म्हणाल्या. "मंग वाढ पुढं. उभा काहून राह्यला?"

काय जल्लोष झाला! कोणी ताट वाजवलं, कोणी भोंग्याला उचललं, तो हवेतही "नक्कल होती बे, नक्कल!" म्हणत होता. मी जाऊन पंगतीत बसलो, बाकीच्यांसारखा, मांडी घालून. नव्या अध्यक्षांनी तोंड वाकडं करून माझ्या ताटात डाळ वाढली. तिच्यातून वाफ निघत होती. तीन वर्षं मी ती डाळ थंड खात आलो होतो; गरम असताना ती अशी लागते हे मला माहीतच नव्हतं. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. मी ठेच्याचं नाव पुढे केलं.

नाइलाज झालेला माणूस फार लवकर कामाला लागतो. गुरुवारी सकाळी भोंगा स्वतःच सायकलवर पुढे बसला. "अध्यक्ष झालोच हावो, तं केबिनबी पाहून घेऊ," म्हणाला. मागच्या फाटकाने आम्ही आत शिरलो. शेठनी त्याला नंबर बोलायला लावले आणि डोळे मिटून ऐकले. "हा तं तूच हाय," ते मला म्हणाले आणि गादीखालून दाखला काढून दिला. शिक्का गोल होता. मजकूर एवढाच, की प्रमोदने आमच्याकडे हंगामात कॉम्प्युटरचे काम प्रामाणिकपणे केले. एक अक्षर खोटं नव्हतं. भोंगा आत गेला, बाहेरून कडी पडली. त्या कडीचा आवाज मी पहिल्यांदाच बाहेरून ऐकला, आणि तो बाहेरून अगदी लहान होता.

मी पुढच्या फाटकाने रस्त्यावर आलो. नागपूरची गाडी तिथेच हात दाखवून थांबवायची. समोर रांग लांबवर गेलेली, दाखला खिशात, बॅग खांद्यावर. एवढ्या दिवसांत ही माणसं मी कधी पाहिलीच नव्हती. मी फक्त त्यांचे नंबर बोललो होतो. आणि आता या सगळ्यांना तो आवाज ऐकू येणार होता. एकाच्या जरी लक्षात आलं, तर माझी गाडी यायच्या आत जिनिंगची मोडतोड होणार, भोंगा प्लायवूडसकट बाहेर येणार आणि या कागदाला पुडी बांधायलाही कोणी घेणार नाही. बेल वाजली. लाउडस्पीकरवरून आवाज आला, खणखणीत, कोरडा, माझ्याहून माझा: "टोकन नंबर एक, काट्यावर यावे."

माझ्याजवळच्याच बंडीवर एक म्हातारबुवा बसले होते, डोक्याला दुपट्टा, हातात बैलाचा कासरा. त्यांनी कान टवकारले. शेजारच्या बंडीवाल्याकडे बघितलं.  समोरून नागपूरची गाडी येताना दिसत होती आणि मला हात वर करवत नव्हता. म्हातारबुवांनी पुन्हा एकदा नीट कान देऊन ऐकलं, मान डोलावली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा मोकळ्या आवाजात म्हणाले,

"आज पोट्टा बदलला वाटते, बापा! कालच्याले लवंगा देऊनबी घसा नाही सुटला बिचाऱ्याचा!"